मिरवल्याशिवाय जाळत नाहीत

नागपूर, १ ऑगस्ट

काय गा प्रेमानंद,

पत्र पोस्टानं आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. मेल केली असती तर ती कुठल्यातरी यंत्राच्या पोटात जन्मभर पडून राहिली असती, आणि उद्या कोणीही माझं नाव टाकून ती बाहेर ओढली असती. कागदाचं तसं नाही. कागद बिचारा हरवतो. ज्या विषयावरून तू माझ्याशी अबोला धरला आहेस, त्यावर माझं म्हणणं एवढंच आहे की काही गोष्टींना हरवू द्यावं.

दुसरं असं, की पन्नाशी उलटलेल्या माणसांनी अबोला धरू नये. आपल्या वयात अबोला कुठला आणि ऐकू न येणं कुठलं, हे लोकांना कळत नाही.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तिऱ्हाईताला सांगावं तसं. वाचताना मधे बोलता येत नाही, हा पत्राचा आणखी एक फायदा.

पंधराएक वर्षांपूर्वी आपण दोघांनी मराठी ब्लॉग शोधायचं एक यंत्र उभं केलं आणि त्याला 'धुंडाळ' नाव दिलं. तू तेव्हा टेलिफोन खात्यात होतास. मी तेव्हाही लकडगंजात बापाच्या वजनकाट्यांच्या दुकानात बसले होते, आजही तिथेच बसले आहे. दिवसा काटे विकायचे आणि संध्याकाळी ब्लॉगवर माणसं तोलायची. तू म्हणायचास, "आपल्याकडचे लोक इतकं झकास लिहून राहिले आणि कोणाले सापडूनच नाही राहिले." खरं तर तुला माझाच ब्लॉग सापडत नव्हता आणि मला विचारायला तुला लाज वाटत होती. एका ब्लॉगचा पत्ता विचारायला नको म्हणून माणसानं अख्खं शोधयंत्र बांधलं, असं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता धुंडाळायला काही उरलं नाही, हे मलाही दिसतं. ब्लॉगवाले एकेक करून फेसबुकावर राहायला गेले. 'धुंडाळ'वर पाऊस शोधला तर सहा वर्षांपूर्वीचा पाऊस येतो. नरखेडकडच्या मनोहररावांचा संत्र्याचा ब्लॉग तेवढा जिवंत आहे, आणि त्यावर दरवर्षी एकच लेख येतो: 'यंदा फळांची गळ फार'.

म्हणून तू म्हणतोस, फेसबुकावर लोक जे सगळ्यांसाठी उघडं ठेवून लिहितात, तेही शोधात घेऊ. मी नाही म्हटलं. तेव्हा तू बोललास, "पंचफुला, तू पाणवठे वेगळे करून राहिली. ब्लॉगवाल्यायची विहीर वेगळी, बाकीच्यायची वेगळी."

या वाक्यावर मी विनोद करणार नाही. तुझी आजी विहिरीजवळ उभी राहून कोणी वरून पाणी वाढेल म्हणून ओंजळ धरायची, आणि छप्पन साली इथेच नागपुरात तुझ्या बाबांचं बोट धरून दीक्षेला गेली, हे तू मला कॉलेजात सांगितलं आहेस. त्या घरातला माणूस विहिरीचं बोलला तर बाकीच्यांनी ऐकून घ्यावं. मी ऐकलं. लागलंही, कारण ते अर्धं खरं आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी माझी बाजू ऐक. मारबत आठव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं अख्खं शहर मारबतीच्या, त्या इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याच्या, मागे धावतं, आणि सोबत ते बडगे: बांबूचे, कागदाचे पुतळे, गळ्यात पाट्या. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा बडग्या करायचा, त्याच्यावर तोंडाला येईल ते लिहायचं, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फोडायचा, आणि मिरवणूक संपली की जाळून टाकायचं. आपण दोघांनी प्राचार्यांच्या बडग्याची पाटी लिहिली होती. जळाली म्हणून आपण बी.ए. झालो. ती कोणी जपून ठेवली असती तर?

फेसबुक म्हणजे रोजचा बडग्या आहे. त्या दिवसाचा राग असतो, त्या दिवसाची मस्ती असते. ब्लॉगवाला बसून लिहितो, कारण आपण ठेवायला लिहितोय हे त्याला ठाऊक असतं. तू बडग्यांची वखार टाकायला निघालास. लकडगंजात राहणाऱ्या बाईला वखारीचं कौतुक सांगू नकोस.

मारबतीच्या दिवशीच नवं 'धुंडाळ' उघडायचं, असा तुझा हट्ट. यंत्र तुझ्या हाताखाली आणि शेवटची किल्ली माझ्याकडे, दोघांनी हो म्हटल्याशिवाय दार उघडत नाही, ही अट तूच घातली होतीस. मी कधी नाही म्हणेन असं तेव्हा तुला वाटलं नसेल.

चाचणीसाठी तू मला ते आतून दाखवलंस. मी पाहिलं. माणूस आधी काय शोधतो? स्वतःचं नाव. आणि मग? जाऊ दे.

सिकंदराबादेच्या हवेत मिनलवहिनीचे गुडघे कसे आहेत? आणि तुमच्या पिंकीला नव्या साइटचा पत्ता इतक्यात देऊ नकोस. कारण काही नाही. अर्धवट काम लेकरांना दाखवू नये.

तुझी,
पंचफुला


नागपूर, ८ ऑगस्ट

प्रेमानंदा,

माझ्या चार पानांना तुझं उत्तर आलं ते मोबाइलवर, आणि तेही दीड ओळ. "अक्षर अजून कोंबडीचंच आहे. मत बदललं का? अन् पिंकीले काहून नाही दाखवायचं? ते तं म्हणते, बाबा, सगळ्यायच्या आधी मीच उघडीन."

बरं.

एक सांगते, राग मानू नकोस. पोरीनं मेडिकल तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि ती पुण्यात नाटकांची प्रकाशयोजना करायला गेली, तेव्हा 'आमच्या पोरीनं दिवे लावले' असं तू भेटेल त्याला सांगत होतास. ते शब्दशः खरं निघालं, यात तिची काय चूक? अडीच वर्षं ती तुझ्याशी बोलली नाही. आता दर रविवारी फोन करते. तू त्या दिवशी सकाळपासून दाढी करून बसतोस, फोनवर दाढी दिसत नाही तरी, हे मला मिनलवहिनीनं सांगितलं. तेव्हा एवढ्या मुश्किलीनं लागलेला फोन सांभाळ. बाकी मला काही म्हणायचं नाही.

आता कामाचं. भांडणात तू दर वेळी फेसबुकावर मिरचीबद्दल लिहिणाऱ्या भिवापूरच्या इंदूबाईला मधे आणतोस. "इंदूबाईचा ब्लॉग नाही म्हणून तिनं लिहिलेलं लिहिलेलंच नाही का?" म्हटलं, आपण तिच्या नावानं भांडतो आहोत तर निदान तिला विचारून यावं. मंगळवारी दुकान बंद असतं. एसटीनं गेले.

बाई मिरचीच्या वावरात निंदत होती. तिच्या फोटोखालचा तो मजकूर मी वाचला होताच: 'मिरची वाळली का नाही थे डोयानं नाही समजत. मूठभर घ्या अन् कानापाशी हालवा. आतलं बी बोललं पायजे.' असं एक वाक्य मला सुचलं असतं तर मी आठवडाभर दुकान उघडलं नसतं. हे मी तुझ्याजवळ कबूल करते. बाहेर बोलू नकोस.

बांधावर बसवून तिनं मला काळा चहा दिला. मी विचारलं, "इंदूबाई, तुमचं लिहिलेलं आमच्या यंत्रात घेऊ का? मग कोणीही धुंडलं की सापडेल."

"मले कायले धुंडता बाई? मी इथंच तं आहो."

"तुम्हाला नाही हो, तुमच्या लिहिण्याला."

"थे मोबाइलात आहे. तुमी वाचलं ना? मंग झालं."

"मी वाचलं. पण आणखी लोकांनी वाचावं असं नाही वाटत?"

जरा विचार केला तिनं. पदरानं तोंड पुसलं. "मिरचीचं घ्या. लोकाईच्या कामी पडन. पन सुनेचं घेऊ नोका."

"सुनेवर काय लिहिलं होतं?"

"होतं काईतरी. नवीनच आली होती, भाजीत मीठ टाकाचं इसरली. मले आला राग, देल्लं लिहून. गावानं लय मजा घेतली. आता तिच्याबिगर मले जेवन जात नाही."

"मग ते पुसून टाका ना."

"पुसलं थे कवाच!" आणि मग माझ्याकडे बघितलं, काट्यात खोट सापडली की गिऱ्हाईक बघतं तसं. "पन तुमच्या यंत्राले समजते का, म्या पुसलं म्हनून? का थे जुनंच पोटाशी धरून बसते?"

प्रेमानंद, हा प्रश्न मी तसाच तुझ्याकडे आणला. यंत्र तुझं आहे, तुला विचारते. 'पुढंमागं लागन' म्हणून तू ते तीन-साडेतीन वर्षं गुपचूप फेसबुकावर फिरवत ठेवलं होतंस ना? मग लोकांनी नंतर पुसलेलं त्याच्या पोटात आहे की नाही? उत्तर मला ठाऊक आहे असं समज. तरी तुझ्याकडून हवं.

निघताना बाईनं पिशवीभर मिरची दिली, पैसे घेतले नाहीत. पिशवी फाटकी होती. अख्खी एसटी उमरेडपर्यंत शिंकत आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट तुमाले एकटीले देल्लं, मिरचीले बी घ्याव लागन."

तुझ्यासाठी अर्धी काढून ठेवली आहे. घ्यायला यावं लागेल.

पंचफुला


नागपूर, १३ ऑगस्ट

प्रिय प्रेमानंद,

तुझं उत्तर आलं. "आहे. पुसलेलं बी आहे. काढाचं राहून गेलं. थोडंसंच असन, त्यानं काय बिघडते?"

आता मी विनोद बाजूला ठेवते. तू बस. मिनलवहिनी जवळ असतील तर त्यांनाही बसू दे.

चाचणीच्या दिवशी मी आधी माझं नाव शोधलं. बरंच काही आलं, बहुतेक शिव्या. मग तुझं शोधलं. का, ते विचारू नकोस. एवढ्या वर्षांत तू कधी स्वतःचं नाव शोधलं नसशील, हे मी शपथेवर सांगेन. तू यंत्र बांधणारा आहेस, आरशात बघणारा नाहीस.

'प्रेमानंद नगराळे' टाकलं की पहिल्यांदा काय येतं, सांगू? पिंकी पुण्याला गेली त्या आठवड्यात एका रात्री तू फेसबुकावर लिहिलेलं येतं. सकाळी मिनलवहिनीनं तुझ्या हातात मोबाइल दिला आणि तू ते पुसलंस, तेच. तुझ्याच यंत्रानं ते पुसण्याआधी उचललं, आणि तुझ्याच नावाखाली सांभाळून ठेवलं. इमानदार यंत्र आहे. मालक बघत नाही.

'डॉक्टर व्हायला पाठवली होती. दिवे लावून आली. आजपासून मला मुलगी नाही, ओळखीच्यांनी तिच्याबद्दल विचारू नये.' अशी सुरुवात आहे. पुढचं मी इथं उतरवत नाही. माझ्या पेनाला ते जमत नाही.

आता तुला कळलं असेल की मी इतके दिवस बडगे आणि वखारी का नाचवत होते. तू म्हणालास मी ब्लॉगवाल्यांचं सोवळं पाळते. पाळू दे. सोवळ्याची म्हणून नावं ठेवलेली मला चालतील. पण मारबतीच्या दिवशी दार उघडेल, तुझी पोरगी सगळ्यांच्या आधी आत जाईल, आणि सगळ्यात आधी काय टाकेल? बापाचं नाव. तू स्वतःचं शोधत नसशील, पण ती तुझं शोधणार. तिनं 'बाबा, तुम्ही किती मोठं काम केलं' म्हणायला ते उघडायचं, आणि समोर हे.

किल्ली माझ्याकडे आहे. मी ते एका झटक्यात पुसू शकत होते आणि तुला कधी कळलंही नसतं. दोनदा बोट तिथवर नेलं. पण ते तुझं लिहिणं आहे. भिवापूरच्या बाईला विचारायला मी एसटीनं गेले, आणि तुला न विचारता कसं पुसू?

म्हणून विचारते. तू नुसतं 'हो' म्हण. मी इथं बसल्या बसल्या जाळून टाकते. तुला बघावं लागणार नाही, पिंकीला कळणार नाही, विषय संपला. मग पाहिजे तर तुझी विहीर उघड, मी पहिली घागर घेऊन येते.

पंचू


नागपूर, १८ ऑगस्ट

प्रेमानंदा,

तुझा फोन आला. मागे मिनलवहिनीचा मिक्सर चालू होता. मग तू म्हणालास,

"पंचफुले, मारबत घरातल्या घरात जाळतेत का वं?"

मला आधी समजलंच नाही.

"आधी गावातून फिरवतेत. सगळ्यायले दाखवतेत. मंग जाळतेत. तू मले इतके दिस मारबत शिकवून राहिली अन् हेच इसरली?"

नागपूरकर बाईला सिकंदराबादेतून मारबत शिकवलीस. त्याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही.

मी म्हटलं, अरे पण तिला कशाला दाखवायचं? तर तू म्हणालास, "ते माह्यासंग बोलते रविवारी. हवापाणी बोलते, नाटकाचं बोलते. पन मधात हे पडून आहे. तिनं वाचलं का नाही, मले माहीत नाही. विचाराची हिंमत नाही. तू पुसशीन, पन मधातून जाणार नाही थे."

खरं सांगते, हे मला सुचायला हवं होतं. दुसऱ्यांच्या घरातली भानगड मला लांबून फार चांगली दिसते. तुझं घर लांब नाही, ही अडचण झाली.

ठरल्याप्रमाणे सगळं लिहून ठेवते, नाहीतर तू पुन्हा म्हणशील मी असं बोललोच नव्हतो. पिंकी पुण्याहून येईल, तुम्ही दोघं तिकडून. मारबतीच्या दिवशी सकाळी सगळे दुकानात. ते मी छापून ठेवते. तू आधी उघडून बघणार नाहीस, तिच्यासमोरच पहिल्यांदा वाचणार. काय लिहिलं होतं ते तुला नीट आठवत नाही म्हणालास, हे मला खरं वाटतं. रागात लिहिलेलं लिहिणाऱ्याला कमी आणि वाचणाऱ्याला जास्त आठवतं, हा माझ्या ब्लॉगचा अनुभव.

एकच विनंती. वाचायला लागलास की शेवटपर्यंत वाच. मधे रडू आलं, खोकला आला, बाहेरून मारबत आली, तरी थांबू नकोस. शेवटची ओळ वाचायची राहिली तर तुला अर्धी मिरचीसुद्धा मिळणार नाही.

पोहे मी आणते. वरची तिखट तर्री जास्त घेऊ का, हे मिनलवहिनीला विचार. तुला विचारत नाही, तू हो म्हणशील आणि मग रात्रभर पोट धरून बसशील.

पंचफुला


नागपूर, २५ ऑगस्ट

प्रिय प्रेमानंद,

तुम्ही गाडीत बसून दोन दिवस झाले आणि दुकानात अजून तुझा आवाज आहे. 'शटर अर्धंच पाड वं, हवा येऊ दे.' अर्धंच पाडते.

तू म्हणशील, परवा तर भेटलो, आता पत्र कशाला? जे तू पाहिलंस ते लिहिण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. जे तुला दिसलं नाही ते लिहिते.

बाहेर इतकी गर्दी होती, की पिंकीला आत यायला वाट मिळेना. आली ती थेट मोठ्या काट्यावर बसली, गिऱ्हाइकांना बसू देत नाही त्याच्यावर. आणि तीन वर्षांनी समोर आलेल्या लेकीला तू पहिलं वाक्य काय म्हणालास? काट्यावरचे लाल आकडे वाचून, "एवढंसंच वजन? जेवत नाही का वं?" माझ्या मनात आलं, झालं, हा वाचणार नाही, आता दिवसभर जेवणावरच बोलणार. पोहे झाले. तर्री मिनलवहिनीच्या पदरावर सांडली. मग तू खिशातून चष्मा काढलास आणि मला म्हणालास, "दे."

तू वाचत होतास. मान खाली, कागद दोन्ही हातांनी धरलेला, जसा काही तोच उडून जाईल. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. बाहेर पोरं ओरडत होती, 'घेऊन जा गे मारबत', आणि तू त्या आवाजावर आवाज काढून वाचत होतास. 'डॉक्टर व्हायला पाठवली होती.' 'आजपासून मला मुलगी नाही.' एकही शब्द गाळला नाहीस. तेवढ्यासाठी तरी मी जन्मात कधी तुझा बडग्या करणार नाही.

मी पिंकीकडे बघत होते. तिचे ओठ हलत होते.

तुझ्याबरोबर, गा. आवाज न करता. तू 'दिवे' म्हणायच्या आधी तिच्या ओठांवर 'दिवे' आलेले. तुला शंका होती ना, तिनं ते वाचलं की नाही? त्याच रात्री वाचलं होतं. कुठल्यातरी बहिणीनं लगेच फोटो काढून पाठवलं असेल, पोरं पाठवतातच. आणि मग ते तिला पाठ झालं. तीन वर्षं पोरगी ते घेऊन फिरली, आणि त्यातल्याच कुठल्यातरी रविवारी तिनं तुला फोन लावला. हे तिला कसं जमलं, मला ठाऊक नाही. तुझी लेक आहे, तुझ्यापेक्षा मोठी आहे.

नंतरचं तुला माहीत आहे. ती उठून तुझ्याजवळ आली, तुझा चष्मा काढून स्वतःच्या ओढणीनं पुसला, तुम्ही सगळे बाहेर गर्दीत गेलात, आणि तू या वयात 'घेऊन जा गे मारबत' असा ओरडलास की घसा बसला. अजून बसला आहे का? हळद-दूध घे.

आता 'धुंडाळ'चं. मी किल्ली फिरवली, तू यंत्र सुरू केलंस, पण आपण ठरवलं तेवढंच. ज्यानं हो म्हटलं त्याचंच घ्यायचं. ज्यानं जे पुसलं ते आपणही पुसायचं. तू म्हणालास एकेकाला विचारत बसलो तर वर्षं लागतील. लागू दे. विहीर एकच असावी, तुझं बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची घागर उचलून आणायची नाही, माझंही बरोबर आहे. पहिलं नाव इंदूबाईचं गेलं. काल 'मिरची' टाकली, तिचं बी बोललं. मनोहररावांना फोन केला तर म्हणाले, "माहं फेसबुक बी घ्या. त्याच्यात बी गळच आहे."

तुझा कागद अजून दुकानात आहे आणि त्याची नक्कल यंत्रात आहे. मिरवणूक झाली, आता जाळायचं, असं तू स्टेशनवर म्हणालास. मी मान हलवली. पण पुसलं नाही. ज्याचं लिहिणं त्याला विचारायचं हा नियम नवा आहे, म्हणून पुन्हा विचारते, आणि का विचारते ते सांगते.

त्या रात्री तू चिडून लिहिलंस. मग झोप आली नसेल. मग उठून खाली एक ओळ वाढवलीस. सकाळी सगळंच पुसलंस. मधल्या वेळात आपलं यंत्र येऊन गेलं. ओळ वाढवल्यावर ते कोणी पाहिलं नसावं, निदान तिनं तरी नाही. ती शेवटची ओळ तू परवा वाचलीस तेव्हा तुझा आवाज फाटला, म्हणून तुला वाटलं असेल की ती कोणाला ऐकूच आली नाही.

'ते नाटकाचे दिवे फार तापतात म्हणे. कोणीतरी तिला हातमोजे घ्यायला सांगा.'

तेव्हा सांग, पुसू का ठेवू. घाई नाही. पण त्या ओळीला मी पिंकीच्या तोंडाकडेच बघत होते, प्रेमानंद. तिचे ओठ थांबले. ती ओळ तिला पाठ नव्हती.

तुझी,
पंचफुला